तिसरं मौन

पत्ते वाचणं काही अवघड नाही. चित्र बघायचं, पुस्तिकेत अर्थ शोधायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत सावकाश सांगायचं. हे कुणालाही जमतं. खरी विद्या आहे ती वाचायच्या आधीच्या तयारीत, आणि तयारीच्या बाबतीत आमच्या चार मजली इमारतीत माझा हात धरणारं कुणी नाही! हे मी गर्वाने सांगत नाही. म्हणजे त्या बुधवारी दुपारपर्यंत गर्वानेच सांगत होते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर चौकट बसवायची, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" असं विचारायचं, आणि गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच" म्हणालं की हसून पुढची काच लावायची. बावीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते हाती लागले तेव्हा वाटलं, चला, काचेतून जे दिसत नाही तेही आता आपण दाखवू. बंद होणाऱ्या एका स्टेशनरीच्या दुकानात ते मला मिळाले. अठ्ठ्याहत्तर पत्ते आणि सोबत बोटभर जाडीची पुस्तिका. त्या पुस्तिकेत एक वाक्य होतं: वाचनापूर्वीची तयारी ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवावी.

लिहिणाऱ्याला माझ्या स्वभावाची कल्पना नव्हती.

सुरुवातीला मी नुसते हात धुवायचे. एक वाचन चुकलं, म्हणून कोपरापर्यंत धुवायला लागले. पुढचं चुकलं तेव्हा सरळ अंघोळ. समोरच्या वहिनी एकदा पत्ते ऐकता ऐकता आरशात बघून केस सारखे करत बसल्या, आणि त्यांच्या भाच्याला मी सांगितलेली नोकरी काही लागली नाही. तेव्हापासून आरशाचं तोंड भिंतीकडे. घड्याळाची टिकटिक पत्त्यांना आवडत नाही असं मला जाणवलं, म्हणून घड्याळातले सेल काढून ठेवायचे. फोनची थरथर तर त्याहून वाईट. घरातले सगळे फोन फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात, आणि तेही वर नाही, तळाशी. चार कोपऱ्यांत मीठ. मातीच्या वाडग्यात सुक्या पाल्याचा धूर. सगळ्यात शेवटी अर्ध्या तासाचं मौन, आणि ते मोजायला वाळूचं घड्याळ.

मौनाचे नियम कडक. शब्द नाही, हुंकार नाही, हो-नाहीसाठी मानही हलवायची नाही, कारण मान हलवणं म्हणजे बोलणंच. फक्त बोटाने वस्तू दाखवायला परवानगी. मौन मोडलं तर सगळं पहिल्यापासून, थेट अंघोळीपासून. हे सगळे नियम मीच केलेले. दुसऱ्या कुणी केले असते तर मी त्यातला एकही पाळला नसता.

"ताई, तुझं म्हणजे नमनालाच घडाभर तेल," ठकी म्हणायची.

ठकी माझी धाकटी बहीण. त्रेचाळीस वर्षांची बाई आहे, पण घरात ठकीच. आईवडील गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. आमच्या एका खिडकीत माझ्या कुंड्या आणि दुसरीत तिचे प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले. मी लोकांना दिसेल असं करायचं आणि तिने चावता येईल असं, असा आमचा संसार बरा चालला होता. रात्रीच्या जेवणाला ती दिवसभरातल्या जबड्यांच्या गोष्टी सांगायची आणि मी नाकांच्या. ऐकणाऱ्याला जेवण गेलं नसतं, आम्हाला छान जायचं.

तर तो बुधवार. माझ्या दुकानाला सुट्टी. ठकी दुपारी दोनलाच घरी आली, आणि पर्समधून एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या एका शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. एका अख्ख्या विभागाची प्रमुख म्हणून. हो की नाही ते कळवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

"हे पत्र कधी आलं?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर तू आठ दिवस तयारी करत बसली असतीस."

"मग काय ठरवलंस?"

ठकीने चप्पल काढली, पाणी प्यायली, भांडं जागेवर ठेवलं. "काहीच नाही. तू पत्ते काढ. पत्ते म्हणतील तसं करते."

आता मला सांगा, जी बाई चार वर्षं माझ्या पत्त्यांना हसली, ती एकदम पत्त्यांवर आयुष्य सोपवायला निघाली, तेव्हा शहाण्या माणसाने काय ओळखावं? हिला पत्त्यांशी काही देणंघेणं नाही, हिला आपल्या तोंडून काहीतरी ऐकायचंय, हेच ना? पण मी शहाणी कुठली. मी खूश झाले! शेवटी हिनेही मानलं म्हणायचं, या आनंदात मी टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाले.

आणि लपवून काय उपयोग, दुसरंही एक कारण होतं. ठकीने जाऊ नये असं मला अगदी आतून वाटत होतं. पण ते मी म्हणायचं, तिने ऐकायचं, आणि मग दहा वर्षांनी एखाद्या जेवणाला तिने भात ढवळत म्हणायचं, "तुझ्यामुळे राहिले." ते मला सोसलं नसतं. त्यापेक्षा पत्त्यांनीच नको म्हटलेलं बरं. अठ्ठ्याहत्तर जणांच्या खांद्यावर बंदूक ठेवली की आपला खांदा दुखत नाही.

पहिली तयारी झकास झाली. अंघोळ, आरसा, सेल, मीठ. फोनांपाशी थोडी कुरकुर झाली.

"माझा कशाला? तिकडून फोन आला तर?" ठकी म्हणाली.

"थरथर ती थरथर. फोन कुणाचा आहे हे पत्ते बघत नाहीत."

दोन्ही फोन पिठात गेले. धूर झाला, वाळूचं घड्याळ उलटं केलं, मी सतरंजीवर बसले. दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ठकी आतल्या खोलीत जबडे पुसत होती, म्हणून मीच उठले. दारात समोरच्या वहिनी, हातात आमची इस्त्री. "परत द्यायला आले," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "या."

झालं! एका अक्षराने घात केला. वहिनी आल्याही नाहीत, इस्त्री ठेवून गेल्या.

"नुसतं 'या' तर म्हणालीस," ठकी म्हणाली.

"एक शब्द काय आणि हजार काय. मोडलं ते मोडलं."

दुसरी अंघोळ. दुसरं मीठ. या वेळी वाळू दोन तृतीयांश खाली आली होती, मन असं स्थिर झालं होतं म्हणता, आणि ठकी सफरचंद खात खात येऊन नेमकी सतरंजीच्या कोपऱ्यावर, मिठाला लागून बसली. "उठ तिथून," माझ्या तोंडून गेलं. आता मोडलंच आहे तर वाक्य अर्धवट कशाला ठेवा, म्हणून पुढचंही बोलून घेतलं: "मीठ सांडेल, कपड्यांना लागेल, आणि खाताना बशी घ्यावी माणसाने."

ठकी उठली. हसली नाही. "ताई, किती वाजले असतील गं?"

घड्याळाचे सेल माझ्या खिशात होते आणि फोन पिठात. मी खिडकीबाहेर बघून म्हणाले, "खूप वेळ आहे."

तिसऱ्या अंघोळीला नळाने खोकला काढला आणि गप्प झाला. पाणी गेलं होतं. बादलीत तांब्याभर उरलं होतं, त्यात मी अंघोळ झाली असं मानून घेतलं. नियम माझेच होते, तेवढी मोकळीक घेतली. ठकी म्हणाली, "मी गच्चीवर जाऊन टाकी बघून येते. आल्यावर तरी पत्ते काढ." ती दार ओढून गेली, मी आतून कडी लावली आणि वाळूचं घड्याळ उलटं केलं. तिसरं मौन सुरू झालं. हे मोडायचं नाही असं मी मनाशी ठरवलं, कारण चौथ्या अंघोळीला पाणीच नव्हतं.

पण सुका पाला संपला होता. मग खिडकीतल्या कुंड्यांची हिरवी पानं खुडली आणि निखाऱ्यावर टाकली, घाई होती म्हणून जरा जास्तच टाकली. ओल्या पानांचा धूर कसा असतो हे मला त्या दिवशी कळलं. खोलीत माझा मला हात दिसेना. बाकीचा सगळा धूर खिडकीतून बाहेर पडला आणि वाऱ्याच्या झोताने भिंतीला धरून खाली, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून जायला लागला.

दुसऱ्या मजल्यावर काका राहतात. अग्निशमन दलातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत इमारतीत साधी काडी पेटली नाही याचं त्यांना मनातून वाईट वाटतं. प्रत्येक मजल्यावरची पाण्याची नळी ते दर रविवारी उलगडून बघतात. आगीसाठीची टाकी वेगळी, ती काठोकाठ भरलेली असलीच पाहिजे हा त्यांचा दंडक. त्या दुपारी ती भरण्यासाठीच त्यांनी घरांचं पाणी बंद केलं होतं, हे मागाहून कळलं.

दारावर थाप पडली. "आत कोण आहे? आवाज द्या."

मी आवाज कसा देणार? वाळू अर्धीसुद्धा आली नव्हती.

"घाबरू नका. नुसतं 'आहे' म्हणा. नाहीतर खोका."

खोकलाही दाबून धरला होता मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. उठून दार उघडावं एवढं डोक्यात येईपर्यंत काकांनी खांदा लावला होता. आमची कडी तशी नाजूकच. दार उघडलं आणि त्यामागोमाग पाणी आलं. पाणी म्हणजे किती! चार वर्षांचं साठलेलं. मीठ वाहून गेलं, वाडगा फुटला, सतरंजी तरंगली, आणि रेशमी फडक्यात गुंडाळलेले माझे पत्ते कपाटाखाली गेले. वाळूचं घड्याळ तेवढं मी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरलं. मग एक तळवा पुढे करून "थांबा" अशी खूण केली. काकांना ती "वाचवा" वाटली. बिचाऱ्यांनी नळी टाकली, मला चादरीत गुंडाळलं आणि तीन मजले खाली आणलं.

फुटपाथवर किल्ल्या बनवणाऱ्याने आपली खुर्ची दिली. मी ओलीचिंब, चादरीत, मांडीवर वाळूचं घड्याळ. भोवती सगळी इमारत.

"ओळखलंत का मला? मी कोण?" वहिनींनी वाकून विचारलं.

बोट दाखवायला परवानगी होती. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"बघा, नुसतं बोट दाखवतायत," वहिनी सगळ्यांना म्हणाल्या. "वाचा गेली हो यांची. दुपारी चांगल्या 'या' म्हणाल्या होत्या."

"धूर डोक्यात जातो तेव्हा असं होतं," काका म्हणाले. "मी पाहिलंय. त्यांना प्रश्न विचारत राहा, झोपू देऊ नका."

मग प्रश्नच प्रश्न. आज वार कोणता, तुमचं दुकान कुठे, ही किती बोटं. किल्लीवाल्यालाही हुरूप आला, त्याने एक किल्ली नाचवून विचारलं, "हे काय आहे?" आयुष्यभर मी लोकांना वरून तिसरी ओळ वाचायला लावली, त्या सगळ्यांचे तळतळाट एकदम लागले असं वाटलं. मी वाळूकडे बघत बसले. दोन बोटं वाळू उरली होती.

आणि ठकी आली. गच्चीवरून धावत, पायऱ्यांवरून धावत, दार मोडलेलं बघून आणखी धावत. एका नजरेत तिला कळलं की मला काहीही झालेलं नाही. चाळीस वर्षं ओळखते ती मला. ती खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि वहिनींकडे बघून म्हणाली, "किती वाजले?"

"पाचला आठ कमी," वहिनींनी मनगट बघून सांगितलं.

ठकीने कमरेला खोचलेलं पत्र काढलं, उलगडलं, परत घडी घातली. मग हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "ताई, पत्ते राहू दे. तूच सांग. जाऊ का मी?"

मी वाळूच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"तेवढा वेळ नाहीये."

मी परत बोट दाखवलं.

"मान हलव नुसती. तू नको म्हणालीस तर नाही जाणार. खरं सांगते, मला तिकडचं काही एवढं अप्रूप नाही. पण तू काहीतरी म्हण."

काय सांगू तुम्हाला. नको, नको, नको, असं माझं सगळं अंग म्हणत होतं. दातांमागे शब्द येऊन थांबला होता. पण मनात एकच हिशोब: दोन अंघोळी वाया गेल्या, तिसरं मौन काठावर आलंय, आता मोडलं तर पाणी नाही. शिवाय मी मान हलवली तर ते माझं नको होणार होतं, पत्त्यांचं नाही. म्हणून मी आपली मान ताठ धरून बसले. एका बाईची बहीण जात होती आणि ती बाई स्वतःच केलेला नियम पाळत होती. आज लिहितानासुद्धा मला त्या खुर्चीतल्या बाईच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

ठकीने माझ्या खांद्यावरची चादर सारखी केली. मग उठली. "बरं," ती म्हणाली. "कळलं."

तिने वहिनींचा फोन मागून घेतला, पत्रावरचा नंबर लावला आणि भिंतीकडे तोंड करून बोलली. मला फक्त शेवटचं ऐकू आलं: "हो. येते मी. पहिल्या तारखेपासून."

त्यानंतर तीन मिनिटांनी वाळू संपली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मौन सुटलं होतं, तोंड मोकळं होतं, ठकी समोर उभी होती. आणि मी म्हणाले, "टाकीत पाणी आलं का?"

"बोलल्या!" काका ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किल्लीवाल्याने सुद्धा. ठकीनेही वाजवल्या, पण जरा उशिरा. काकांनी पुढे महिनाभर जो भेटेल त्याला सांगितलं की पाण्याच्या माऱ्याने गेलेली वाचा परत येते, आणि पुरावा म्हणून त्याला माझ्याशी बोलायला लावलं. वहिनी आठ दिवस माझ्यासाठी गरम सूप आणत होत्या. मी ते प्यायले. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी बोलायचं होतंस. मीही रोज तेच म्हणत होते. पण दुसऱ्या दिवशी ठकी एकेक जबडा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. तिसऱ्या दिवशी तिने जुन्या प्रयोगशाळेत राजीनामा दिला आणि तिथल्या लोकांनी तिला एक बॅग भेट दिली. ती बॅग बघून तिला आनंद झालेला दिसला. आता हिच्या आनंदात मी माती कालवू? दर रात्री जेवताना मी तोंड उघडायचे आणि एखाद्या नाकाची गोष्ट सांगायचे. जबड्यांच्या गोष्टी तिच्याकडे तेव्हा कमीच असायच्या.

ती गेली तो दिवस सकाळचा, उजेडाचा, चांगला होता. गाडी इमारतीखाली उभी होती. काकांनी तिच्या बॅगा स्वतः खाली आणल्या, मला हात लावू दिला नाही, कारण माझी तब्येत नाजूक. ठकी मागच्या सीटवर बसली, काच खाली केली आणि म्हणाली, "ताई, एक विचारायचं राहिलं. शेवटी पत्ते काय म्हणाले गं?"

मला वाटलं, निदान एवढं तरी नीट करावं. जाणाऱ्या माणसाचं मन हलकं करावं. मी म्हणाले, "जा म्हणाले. अगदी स्पष्ट. नको म्हणणारा एकही उलटा पत्ता नव्हता."

ठकी हसली. "पत्ते त्याच संध्याकाळी कपाटाखालून मी काढले, ताई. भिजून, चिकटून त्यांची एक वीट झाली होती. मीच टाकून दिली."

मी गाडीच्या दारावरची धूळ बोटाने पुसायला लागले.

"असू दे," ती म्हणाली. "खोटं का होईना, काहीतरी बोललीस."

चालकाने विचारलं, "निघू या?" ठकीने मान हलवली, काच वर गेली, गाडी सुरू झाली. आणि तेव्हा, कुठलीही तयारी नसताना, काकांच्या आणि वहिनींच्या समोर, माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "ठकी, जाऊ नकोस."

काचेपलीकडे तिला ऐकू गेलं नाही. माझे ओठ हललेले मात्र तिला दिसले. तिने भुवया वर करून हातानेच विचारलं, "काय?"

मीही हातानेच सांगितलं, काही नाही.